अंगठ्याची सुतळी

बन्सी वाळूजला रातपाळी करायचा आणि दिवसा घरात घोरत पडायचा. घोरता घोरता त्याचा श्वास अडकायचा. डॉक्टरनं मशीन लावून झोपायला सांगितलं, तर बायकोकडं, आशाबाईकडं बोट करून तो म्हणाला, "ही हाय की घरात. मशीन कशाला पायजे?"

त्यानं आपल्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधली आणि दुसरं टोक सैपाकघरात तिच्यापाशी नेऊन टाकलं. घोरणं थांबलं की भाकरी थापता थापता तिनं सुतळीला हिसका द्यायचा. उशीर झाला की तो गुदमरून उठायचा आणि आधी तिच्या थोबाडीत द्यायचा.

एका दुपारी घोरणं थांबलं. आशाबाईनं सुतळीकडं पाहिलं आणि तिसरी भाकरी थापायला घेतली.

त्याच सुतळीचा तुकडा तोडून लोकांनी मयताचे अंगठे बांधले. शेजारची शकीला हळहळली, "नींद मेंच गये बेचारे. नसीबवाले थे." आशाबाई तोंडाला पदर लावून बसली.

तेरावं झालं. त्या दुपारी आशाबाईला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली. अचानक पायाला हिसका बसला आणि ती घसा धरून धडपडत उठली.

अंगठ्याला सुतळी होती. सुतळी सैपाकघरात गेली होती आणि तिथं कुणीतरी भाकरी थापत होतं.

"कोण हाय?" म्हणेपर्यंत तिचे डोळे पुन्हा जड झाले. श्वास अडकला. हात हलेना, पापणी उघडेना. आता हिसका बसंल, आता बसंल, म्हणून ती वाट बघत राहिली.

आत कुणीतरी तिसरी भाकरी थापायला घेतली.