पाहुणा

"पुन्हा तापली मेली," म्हणत लेकीने बॅटरीची वायर उपटली. टायमरची ही तिसरी चिप. आधीच्या दोन्हींचा जळून कोळसा झाला होता आणि दुकानदाराचा यथेच्छ उद्धारही करून झाला होता. नखाएवढी वस्तू, पण नखरे केवढे!

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. थोड्या थोड्या वेळाने पिपाणी वाजायची आणि आईला डाव्या हाताच्या व्यायामाची आठवण व्हायची, असा बेत. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. पाय ताळ्यावर आले, जीभही आली, जरा जास्तच आली. डावा हात मात्र मांडीवर नुसता पडून. टोचा, चिमटे काढा, त्याला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले होते, आधी स्पर्श कळायला हवा, मग पुढचं. पण इतके महिने गेल्यावर फार आशा धरू नका. आई त्या हाताला पाहुणा म्हणायची. येऊन बसलाय, काम ना धाम, वर न्हाऊमाखू आपणच घालायचं.

चिप बसवलेला बोर्ड टेबलावर सारखा सरकत होता. आईने उजव्या हाताने डावा उचलला आणि वजन ठेवावं तसा बोर्डाच्या कडेवर ठेवला. पाहुण्याला किती दिवस फुकट बसवायचं, म्हणाली. लेकीने बजावलं, कडेलाच राहू दे हं, चिपला लागला तर भाजेल आणि तुला कळायचंही नाही. आईने मान डोलावली आणि उजव्या हातात टॉर्च धरली.

लेकीने वायर जोडली आणि वाकून एकेक जोड तपासू लागली. बोर्ड जरासा कलला.

"भाजलं गं," आई म्हणाली.

लेक करवादली. मध्ये बोट घालू नकोस म्हणून आत्ताच सांगितलं होतं ना? तिने वायर काढली, आईचा उजवा हात ओढून घेतला आणि सवयीने त्यावर फुंकर घातली. डाग काही सापडेना. त्या हातात तर अजून टॉर्च होती.

"हा नाही," आई म्हणाली.

दोघींनी खाली पाहिलं. पाहुणा घसरून चिपवर आला होता. तर्जनीच्या टोकाला मसुराएवढा लाल डाग उठला होता. हसावं की रडावं, लेकीला काही कळेना. त्या डागाशेजारी तिला चिपवरचा ठिपका दिसला, आणि जे दिसलं तेच तिच्या तोंडून निघालं.

"आई, मी चिप उलटी बसवलीये. तिन्ही वेळा. तो ठिपका वरच्या टोकाला हवा होता. सरळ केली की तापायची नाही."

आईने टॉर्च बाजूला ठेवली. डावा हात जपून उचलला आणि त्याचं बोट पुन्हा चिपवर नेऊन टेकवलं.

"उलटीच राहू दे," ती म्हणाली. "वायर जोड."