आभाळावरचा पडदा

साक्रीच्या सभागृहात जनसुनावणी सुरू होती. आभाळात फवारलेला धुळीचा पडदा ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न होता. पडद्यामुळे उष्माघाताचे मृत्यू थांबले होते, पण सौरवीज निम्म्यावर आली होती.

केतकी भामरे उठली. "माझं लेकरू दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. वीज गेली की मी त्याला छातीशी धरून ऊब देते. किती दिवस पुरेल ती? पडदा काढा."

मागून लीलाबाई म्हणाल्या, "पोरी, पडद्याआधी माझा मुलगा उन्हानं गेला. आता सून रस्त्याच्या कामावर जाते. तिचं काय?"

तरीही मतदानात केतकीने पडदा काढण्याच्या बाजूने हात वर केला. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला.

पडदा विरला. पेटी पुन्हा बंद पडली नाही, बाळ घरी आलं. वैशाखात लीलाबाईंची सून खडी पसरताना कोसळली, ती उठलीच नाही.

केतकी बाळाला घेऊन त्यांच्या दारात गेली. तिला पाय धरायचे होते, पण अंगणातून पाऊल पुढे पडेना.

लीलाबाईंनी बाळाकडे पाहिलं.

"उन्हात काय उभी राहिलीस," त्या म्हणाल्या. "त्याला आत आण."