संक्रांतीआधीचा मांजा

“आधी पाखराचे डोळे झाका. अंधार झाला की ते भीत नाई. मंग जखम पाहा.”

जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर रघुनाथराव बदली होऊन जाताना असं सांगून गेले होते. तेच आठवून नलिनीने बगळ्याच्या डोक्यावर पदर टाकला. प्रतिभाने कात्रीने मांजा कापला. पंख जवळजवळ तुटलाच होता. हळद भरेस्तोवर बगळा गेला.

“हा पाचवा,” प्रतिभा म्हणाली. “अन् संक्रांत अजून चार दिवसांवर आहे.”

पदर काढून त्या डोळ्यांकडे पाहायचीही नलिनीला लाज वाटली.

सत्त्याऐंशी सालची ती संक्रांत. सौंसरात या भजनी मंडळातल्या बायकांना लोक ‘पाखरवाल्या’ म्हणू लागले होते. सकाळची पूजा आटोपली की बांबूला आकडी बांधून त्या निघत, झाडाझाडांवर अडकलेला मांजा उतरवत आणि जाळून टाकत. गच्चीवरून पोरं ओरडत, “काकू, आमची पतंग पण काढून द्या नं!”

पण यंदाचा मांजा वेगळा होता. उन्हात बारीक चमकायचा, नुसतं बोट लावलं तरी रक्त निघायचं. हा कुठून येतो ते कळत नव्हतं. मागच्या वर्षी एक पाखरू मेलं तेव्हा नलिनी पतंगवाल्या सुरेशला चार लोकांत बोलून बसली होती. नंतर कळलं, त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या दुकानावरून जाताना अजून तिची मान वर होत नसे. म्हणून यंदा तिने नेम धरला होता. खरा हात सापडून हा मांजा बंद होईस्तोवर एक वेळच जेवायचं.

त्या दुपारी भजनानंतर जयवंता कासारीण संक्रांतीच्या बांगड्या भरायला आली. ती गल्लोगल्ली फिरणारी बाई, म्हणून नलिनीने तिलाच विचारलं, “जयवंता, हा धारेचा मांजा कोण करते गं?”

“मले काय माईत, बाई? हात ढिला सोडा.”

“कोणाच्या घरी दिसलाच असेल.”

“ढिला सोडा म्हणतो नं! नाई तं ही पण वाढवान तुम्ही.”

सगळ्या हसल्या. जयवंता तेवढी हसली नाही. जुन्या बांगड्या वाढवून नव्या भरून झाल्या. सवाष्णीची काच कोणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून नलिनीने नेहमीसारखा ओटा झाडला, कासारणीची आवराआवर करून दिली आणि तिला तिळाचा लाडू हातावर ठेवून निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी मंडळातल्या मालतीने शोध काढला. तिने पोरांना लाडू वाटले होते. पोरांनी सरळ नाव सांगितलं होतं, तुळशीराम विणकर.

नलिनी, प्रतिभा आणि मालती त्याच्या अंगणात गेल्या तेव्हा दोन खांबांमध्ये दोरा ताणलेला होता. म्हातारा बोटांना चिंध्या बांधून त्यावर भाताची खळ फिरवत होता.

“तुळशीरामभाऊ, हा मांजा तुमचा?”

“हाव जी. औंदा माग बंद पडला, तेव्हापासून हेच करून राहिलो. दोन महिने तेवढं निघून जाते.”

नलिनीने रुमाल उलगडला. आत बगळ्याची रक्ताने माखलेली पिसं होती. तुळशीरामने हात धोतराला पुसले. मग पिसांना हात जोडले.

“मले वाटे, पतंगच कटते.”

“आता तरी समजलं?”

“समजलं, बाई. आजपासून बंद.” तो खाली बसला. प्रतिभा-मालतीकडे पाहून हळूच म्हणाला, “एक सांगाचं होतं. यायले जरा बाहेर पाठवता?”

“चोरून कशाला?” नलिनीचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. “यात आणखी कोणी आहे?”

“राहू द्या नं. मी कबूल करतो, तेवढं पुरे.”

“नाही. ज्याचा ज्याचा हात यात लागला, त्याने शनिवारी अनवाणी जामसांवलीला जायचं. मारुतीपुढे, सगळ्यांदेखत सांगायचं. कोणालाच सूट नाही. देता वचन?”

“मी देतो. पण तुम्हीही द्या, कोणाले सूट नाई म्हणून.”

“दिलं. मारुतीची आण.”

“नाव तं सांगा आता!” प्रतिभा म्हणाली. “की घरचंच कोणी आहे?”

तुळशीरामने खळीचं भांडं बाजूला सारलं.

“बाटलीची काच जाड रायते जी, तिले अशी धार येत नाई. बांगडीची मैद्यासारखी बारीक कुटते. जयवंता आणून देते. तिले कुठून भेटते, ते...” तो थांबला. “दर सणाले तुम्हीच ओटा झाडून, तुकडा तुकडा वेचून तिच्या फडक्यात बांधून देता नं, बाई. म्हणून म्हणत होतो, यायले बाहेर पाठवा.”

शनिवारी उजाडायच्या आधी नलिनीने घरात कोणाला जाग येऊ न देता कडी काढली आणि अनवाणी पायांनी जामसांवलीचा रस्ता धरला.