वरुणची पूजा

खंडेनवमीला रुग्णालयातली अभियंता शाल्मली गुप्तेनं वरुणला हळदकुंकू वाहिलं आणि कौतुकाच्या भरात त्याच्या उघड्या टाकीवर कलशातलं पाणीही शिंपडलं. वरुण म्हणजे हृदयाच्या शस्त्रक्रियेत टाकीतलं पाणी फिरवून रक्त थंड-गरम ठेवणारं यंत्र. टाकीत एक जंतू शिरला तरी ओळखायचं, ही अक्कल त्याला तिनंच शिकवली होती.

दोन दिवसांनी रुग्ण टेबलावर आला, भूल द्यायची वेळ झाली, आणि वरुण अडून बसला.

"पाण्यात जंतू आहेत. मी चालणार नाही."

"अहो, कालच पुसलंय ना त्याला! दाबा ते जबरदस्तीचं बटण," सर्जन बेंद्रे वैतागले.

"तसं बटण मी ठेवलेलंच नाही, सर."

टाकीच्या तळाशी कलशातल्या पाण्याबरोबर गेलेली झेंडूची पाकळी कुजत पडली होती. दुसरं यंत्र आणून ऑपरेशन पार पडलं. शाल्मलीनं भरपूर बोलणी खाल्ली, पण मान ताठच होती. पोरानं आईचीसुद्धा भीड ठेवली नव्हती!

पुढच्या खंडेनवमीला तिनं हार थिएटरबाहेर लावलेल्या वरुणच्या फोटोला घातला. तो पाहून एका रुग्णाच्या मुलानं हळहळत हात जोडले.

"अहो, चांगला ठणठणीत आहे तो," शाल्मली म्हणाली. "आत तुमच्याच वडिलांना सांभाळतोय."