शाई भरणारी

त्या दुपारी अच्युतराव यंत्राच्या हातावर खेकसत होते. "मनगट सैल सोड, गाढवा! कंपासवर जोर दिलास की वर्तुळ बिघडतं." टेबलाला जोडलेला तो पोलादी हात निमूटपणे पुन्हा फिरला आणि कागदावरच्या दातेरी चाकाला नवा दाता आला. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते तेव्हापासून अच्युतराव चाकं, दट्टे आणि पट्टेच रेखाटत आले होते. आता त्या चित्रांची प्रदर्शनं परदेशात लागत. सहा महिन्यांत त्यांनी आपली सगळी कला त्या हाताला शिकवली होती.

"चहा ठेव आणि जा, हेमांगी," ते मुलीला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

तेराव्याला त्यांची चित्रं विकणाऱ्या गॅलरीचे मोघे आले. "ताई, चित्रं थांबणार नाहीत. बाबा आहेतच असं समजा," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

हात अर्ध्या राहिलेल्या चाकाकडे गेला. चार रेघा झाल्या आणि शाई संपली. मग त्याने पेन बाजूला, थेट हेमांगीसमोर धरलं. तीस वर्षं बाबा मान वर न करता तसंच धरायचे आणि ती शाई भरून द्यायची.

"हेसुद्धा शिकलाय!" मोघे हरखले. "भरा ना, ताई."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने शाईची बाटली बंद केली आणि ती बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"मलाही शिकायचं होतं, बाबा. मला एक रेघसुद्धा काढू दिली नाहीत तुम्ही."