डावीकडची सीट

फर्निचरवाला डावीकडच्या सीटवर बसला मात्र, बोट त्याच्या अंगाला कलली.

"माझंच वजन म्हणायचं!" पोटावर हात फिरवत तो हसला. "पण एवढं? अहो कोच, मी माणूस आहे, कपाट नाही."

कोच हसला नाही. तो उजवीकडे, स्टिअरिंगपाशी बसला होता. त्याची बायको धक्क्यावर खुर्ची टाकून वॉटर-स्कीची दोरी गुंडाळत होती. गेली वीस वर्षं डावी सीट तिची. कोच बोट चालवायचा आणि ती मागे तोंड करून दोरीच्या टोकाच्या पोराकडे बघायची. एका स्कीवर वळणं घेत त्याने पाण्यावर तरंगणाऱ्या सहा बोयांपैकी किती पार केले ते मोजायची, पडला की हात वर करून ओरडायची. आता बोट विकायची होती आणि फर्निचरवाला ती बघायला आला होता. गुडघ्यांनी दगा दिला, शिकवणं झेपत नाही, असं कोच सगळ्यांना सांगत होता. तिलाही त्याने हेच सांगितलं होतं.

"कललेली बोट घेऊन मी काय करू?" फर्निचरवाला म्हणाला. "एका बाजूची लाट उंच झाली की मागचा तोंडावर आपटणार. एवढं मलाही कळतं हो."

"वेग घेतला की होते सरळ."

"काहीतरीच काय!" बायको धक्क्यावरून म्हणाली. बोटीच्या बाबतीत तिला थाप खपायची नाही. "आपली बोट कधी कललीय का? भाऊजी, सीटखाली बघा बरं. पाणी शिरलं असेल."

"तिथे काही नाही," कोच म्हणाला. जरा जास्तच घाईने म्हणाला.

फर्निचरवाल्याचा जन्म फळ्या उचकटण्यात गेलेला. त्याने सीट वर केलीसुद्धा. खाली पाण्याचा थेंब नव्हता. जाड कापडाच्या, तळहाताएवढ्या पिशव्या होत्या, एकीला एक लावून नीट रचलेल्या. त्याने एक उचलली तर हात खाली ओढला गेला.

"शिसं! एवढं शिसं कशाला भरलंत हो? धरा वहिनी, बघा."

तिने दोन्ही हातांनी पिशवी घेतली. तिच्यावर मार्करने 'दोन किलो' लिहिलं होतं आणि खाली तारीख. अक्षर कोचचं. तारीख तिने दोनदा वाचली. त्या दिवशी तो तिचं घड्याळ घेऊन गेला होता आणि पट्ट्याला नवं भोक पाडून आला होता. चामडं सैल पडलंय, म्हणाला होता.

"अशा किती आहेत?" तिने विचारलं.

"तुमच्या हातातली धरून नऊ," फर्निचरवाल्याने मोजून सांगितलं. "सगळ्यांवर तारखा आहेत."

नऊ दुणे अठरा. दवाखान्यात काट्यावर उभी राहिली की ती डोळे मिटून घ्यायची. हिंमतच व्हायची नाही. आकडा कोच वाचायचा आणि तिला सांगायचा.

"मला वाटलं, तीन-चार किलो गेलं असेल," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात तर तुम्ही म्हणालात, वाढलं."

"म्हणालो."

"आणि गुडघे?"

कोच स्टिअरिंग पुसायला लागला.

"वीस वर्षं मी तुम्हाला खरा आकडा सांगत आले," तिचा आवाज चढला. "पोरगं पाचव्या बोयानंतर पडलं तर पाचच. रडलं, पाया पडलं, तरी साडेपाच केले नाहीत मी. आणि तुम्हाला माझा एक आकडा धड सांगता आला नाही?"

"बोट माझ्याकडे झुकायला लागली होती," कोच म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. "दर महिन्याला थोडी जास्तच. मला काही सुचेना गं. हे तेवढं करता येत होतं."

फर्निचरवाल्याने पिशव्या होत्या तशा ठेवल्या, सीट हलकेच खाली केली आणि धक्क्यावर चढून मागे न बघता निघून गेला.

ती पिशवी घेऊन उठली. कोचने हात पुढे केला. एरवी तिने तो झिडकारला असता. आज धरावा लागला. बोटीत उतरून तिने पिशवी तिच्या जागी ठेवली आणि सीटवर बसली, सवयीने मागे तोंड करून.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"कुठल्या बाकीच्या?"

"अहो, आता पुरे."

त्याने पुढच्या खणातून पुठ्ठ्याचा खोका काढून तिच्यापुढे ठेवला. आत तीन पिशव्या होत्या. कोऱ्या.

"दुकानदार डझनाच्या खाली देत नाही," तो म्हणाला. हे तरी खरं की नाही, ते तिने विचारलं नाही.

पाणी निवांत होतं. दोघं आपापल्या जागी बसले होते. तिने बोटीची मागची कड पलीकडच्या काठाशी ताडून पाहिली, वीस वर्षं बघत होती तशी, एक डोळा बारीक करून.

"अजून तुमच्याकडेच झुकलीय," ती म्हणाली.

तिने वाकून एक कोरी पिशवी उचलली, कशीबशी मांडीवर घेतली आणि थांबली. कड हळूच काठाला समांतर झाली.

"मार्कर द्या," ती म्हणाली. "आज तारीख काय?"