आईकडचं इंजिन

एसी बंद होता.

हेमांगीने दार उघडलं आणि खोलीतली हवा तापलेल्या तव्यावरून आल्यासारखी तिच्या तोंडावर आली. टेबलावर तिच्या माश्यांच्या काचेच्या नळ्या सकाळी ठेवल्या तशाच उभ्या होत्या, कापसाची बुचं लावून. फक्त आता त्यांच्यावर आत्याने विणलेला रुमाल होता.

"काका, एसी कोणी बंद केला?"

"मी," विष्णूकाका म्हणाले, बक्षीस मिळाल्यासारखे. केंद्र सरकारातून रिटायर झाले, पण दिसेल ते बटण बंद करायचं काम त्यांनी चालूच ठेवलं होतं. "खोलीत कोणी नव्हतं ना."

"माश्या होत्या!"

"अगं, कोणी म्हणजे माणूस."

हेमांगीने रुमाल ओढून काढला. दोन नळ्या एकमेकींवर आपटल्या. रात्री संस्थेतल्या माश्यांच्या खोलीचा एसी गेला, तिच्या मुनिरक्याच्या खोलीत पंखासुद्धा उपकार केल्यासारखा फिरतो, म्हणून ती मेट्रोने हा सगळा संसार दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, द्वारकेला, आत्याकडे घेऊन आली होती. मग मागे राहिलेल्या नळ्या बघायला परत गेली. तिथे एकही माशी जिवंत नव्हती. आता चार वर्षांची पीएचडी या टेबलावर होती.

"बघ, या तर मस्त उडताहेत," काका डावीकडच्या नळ्यांवर बोट ठेवून म्हणाले. "बिल्कुल फिट. उगाच घाबरवतेस यार."

"त्या साध्या आहेत, काका. माझी ती शेवटची नळी."

शेवटच्या नळीत माश्या तळाशी पडल्या होत्या. पाय वर. चहाच्या गाळासारख्या.

"शेजारीच तर होत्या," सुहासिनीआत्या दारातून म्हणाली. "यांनाच काय झालं? एकाच खोलीत, एकाच गर्मीत?"

"यांचं इंजिन आईकडचं आहे, आत्या, आणि बाकी सगळी गाडी दुसऱ्याच जातीच्या बापाकडची. पेशीत ताकद तयार होते ना, ते इंजिन. ते फक्त आईच देते. पण ते चालायला बापाकडचेही पार्ट लागतात. थंडाव्यात दोघांचं कसंबसं जमतं. गरम झालं की शरीर जास्त ताकद मागतं, आणि मग जमत नाही."

"म्हणजे पत्रिका जुळली नव्हती," आत्या म्हणाली.

"तूच जुळवलंस ना हे?" काकांना एकदम मुद्दा सापडला. "मग दोष एसीचा कसा?"

 हेमांगीने एसी लावला, रिमोट स्वतःच्या कुर्त्याच्या खिशात टाकला आणि नळी आडवी धरून बसली. गर्मीने बेशुद्ध पडलेली माशी कधीकधी उठते. कधीकधी. काल रात्रीच या कोषातून बाहेर पडल्या होत्या, अजून एकीनेही अंडं घातलं नव्हतं. एक मादी उठली तरी पुरे. एकच. तिला नर कुठूनही आणता आला असता, डावीकडे ढीग होता. पण ते इंजिन आता या नळीबाहेर कुठेच नव्हतं.

तिने नळीवर नख मारलं. काही हललं नाही.  गाईडना फोनवर काय सांगायचं? काकांनी वीज वाचवली?

"कांदा हुंगवू का?" आत्याने विचारलं.

"आत्या, प्लीज!"

"अगं, माझ्या सासूबाई कांद्यानेच शुद्धीवर यायच्या."

 काका हळूच येऊन तिच्या शेजारी बसले आणि पुठ्ठ्याने नळीला वारा घालायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मला खरंच वाटलं नाही गं," ते म्हणाले. "एवढ्याशा तर असतात."

तिघंही श्वास धरून बघत राहिली.

एक पाय हलला.

"हलला! हलला!" काका ओरडले. हेमांगीने ओठ चावला. पाय पुन्हा हलला, मग दुसरा. गाळातून एक माशी उलटी झाली, सुलटी झाली, पंख झटकले, काचेवर चढायला लागली. पडली. पुन्हा चढली. बाकीच्यांतली एकही हलली नाही.

हेमांगीने पर्समधून भिंग काढलं. ते डोळ्याला लावायलाच तिला वेळ लागला. नळी खिडकीच्या उजेडात धरून तिने माशीच्या पोटाचं टोक पाहिलं. एकदा. मग भिंग कुर्त्याला पुसून पुन्हा.

टोक काळं होतं.

"नर आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

आत्याने देवाकडे बघून हात जोडले. आत जाऊन ती साखरेची वाटी घेऊन आली, आधी काकांच्या तोंडात चिमूटभर घातली, मग हेमांगीची हनुवटी धरली.

"वेडी आहेस का? रडतेस काय?" ती म्हणाली. "मुलगा वाचलाय. वंश बुडाला नाही!"